रेफर चिठ्ठीवर तीन आकडे वेगळे लिहा : दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य.

विषय : डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या रेफर चिठ्ठीबाबत.

सादर नमस्कार.

दोघांना एकच पत्र लिहिते आहे, कारण अडचण आपल्या दोन खात्यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय एका खात्याकडे, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दुसऱ्या खात्याकडे. डोक्याला मार लागलेला माणूस पहिल्याकडून दुसऱ्याकडे येतो, बहुतेक वेळा रात्री, १०८च्या गाडीतून. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी येते. त्या चिठ्ठीची जबाबदारी नेमकी कोणत्या खात्याची, हे आजवर कुणी ठरवलेलं मला दिसलं नाही.

मी न्यूरोसर्जरीच्या अतिदक्षता विभागात परिसेविका होते, आता निवृत्त आहे. अशा चिठ्ठ्या नोकरीभर हाताखालून गेल्या. बहुतेकींवर मजकूर हाच : ‘आरटीए, हेड इन्ज्युरी, पेशंट सेमीकॉन्शस, व्हायटल्स स्टेबल, रेफर्ड टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट.’ खाली सही आणि शिक्का. वेळ असलीच तर चिठ्ठी लिहिल्याची, अपघाताची नव्हे. कधी कोपऱ्यात ‘जीसीएस ८’, म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे याचा आकडा, असतो. आठ म्हणजे काय काय मिळून आठ, हे नसतं.

माझी मागणी लहान आहे. राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि महापालिका रुग्णालयात, आणि १०८च्या गाडीत, डोक्याच्या दुखापतीच्या रेफर चिठ्ठीवर एक छापील चौकट असावी. तिच्यात अपघाताची वेळ, डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे आकडे वेगवेगळे, दोन्ही डोळ्यांची प्युपिल (बाहुली), ब्लड प्रेशर आणि ऑक्सिजन, आणि प्रत्येक नोंदीपुढे घड्याळातली वेळ. रुग्णाला श्वासासाठी घशात ट्यूब टाकली असेल किंवा झोपेचं इंजेक्शन दिलं असेल, तर त्याआधीची नोंद.

ही नुसती कागद वाढवण्याची मागणी वाटू नये म्हणून हे आकडे आले कुठून ते सांगते.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात सदर्न जनरल हॉस्पिटलच्या आवारात मेंदूच्या आजारांची एक संस्था होती. ब्रायन जेनेट तिथे न्यूरोसर्जरीचे प्राध्यापक आणि ग्रॅहम टीसडेल त्यांचे तरुण सहकारी. त्या काळात बेशुद्धीचं वर्णन करायला शब्द भरपूर होते, पण एका डॉक्टरचा ‘सेमीकोमा’ दुसऱ्या डॉक्टरचा ‘स्टुपर’ असायचा. जेनेट यांना तर वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांची तुलना करायची होती. कोणत्या उपचाराने माणसं वाचतात हे ठरवायचं, तर आधी सगळीकडचे रुग्ण एकाच मापाने मोजायला हवेत. जुलै १९७४मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचा लेख आला. त्यांनी एवढंच सांगितलं, की रुग्ण डोळे कधी उघडतो, काय बोलतो आणि हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टी स्वतंत्रपणे पाहा आणि जे दिसलं ते टिपा. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे आपला जीसीएस, तो हा.

या कामाचं मोठेपण मला वाटतं ते असं, की ते खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी केलं होतं. रात्रपाळीची नर्स आणि नवा ज्युनिअर डॉक्टर यांना पुन्हा पुन्हा भरता येईल असा तक्ता त्यांनी दिला. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लोडशेडिंगमध्ये टॉर्च आणि पेन हातात असलं की झालं.

पुढे १९७७मध्ये जेनेट, टीसडेल आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंड, नेदरलँड्स आणि लॉस एंजेलिस इथल्या ७०० गंभीर रुग्णांची तुलना छापली. तिन्ही ठिकाणी उपचारांच्या पद्धती बऱ्याच वेगळ्या होत्या, तरी मृत्यूचं प्रमाण सगळीकडे निम्म्याच्या आसपास निघालं. माप एक नसतं तर हे कळायचा मार्गच नव्हता. स्टेरॉइडचंही तसंच. डोक्याच्या मारावर सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं वर्षानुवर्षं दिली गेली. २००४मध्ये ४९ देशांतल्या १०,००८ रुग्णांवरची क्रॅश ही चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत दगावले आणि न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. चाचणीत कुणाला घ्यायचं हे याच जीसीएसवर ठरलं होतं. (चिठ्ठीवर अजूनही क्वचित ‘इंज. डेक्सा दिले’ दिसतं, डेक्सा हे स्टेरॉइडच. त्यावर वेगळं परिपत्रक काढावं, अशी विनंती जाता जाता करते.)

आता बेरजेबद्दल, कारण आपल्याकडची सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे. १९७४च्या मूळ लेखात बेरीज नव्हतीच. ती नंतर आली, संशोधनाच्या सोयीसाठी, आणि तीच रूढ झाली. डोळ्यांच्या चार पायऱ्या, बोलण्याच्या पाच, हालचालीच्या सहा, आणि १ म्हणजे काहीच प्रतिसाद नाही. यांच्या एकूण १२० जुळण्या होतात आणि बेरजा मात्र ३ ते १५ अशा फक्त तेराच. एकूण मार्कांवरून मूल गणितात नापास आहे की इंग्रजीत हे कळत नाही, तसंच हे आहे. अमेरिकेतल्या ट्रॉमा रुग्णांच्या मोठ्या नोंदवहीवरून २००३मध्ये झालेल्या एका अभ्यासात बेरीज चारच असलेल्या रुग्णांचे तीन गट पाडले होते. डोळे १, बोलणं १, हालचाल २ असेल तर मृत्यूची शक्यता ४८ टक्के होती. बोलण्याला २ आणि बाकीचे एकेक असतील तर २७ टक्के. डोळ्यांना २ आणि बाकीचे एकेक असतील तर १९ टक्के. तिघांच्याही चिठ्ठीवर ‘जीसीएस ४’ एवढंच लिहिलं तर पुढच्या डॉक्टरने काय समजायचं? स्वतः टीसडेल यांनी स्केलला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २०१४मध्ये, पुन्हा हेच लिहिलं, की एका रुग्णाबद्दल बोलताना तिन्ही आकडे वेगळे सांगा. ज्यांनी स्केल बनवलं ते सांगताहेत. आपण तरीही बेरीज लिहितो.

२०१४च्या त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती, आणि आपल्या चिठ्ठ्यांमध्ये ती जवळजवळ दिसतच नाही. जी गोष्ट तपासताच येत नाही तिला १ द्यायचा नाही, ‘तपासता येत नाही’ असंच लिहायचं. घशात ट्यूब असलेला माणूस बोलणार कसा? सुजून बंद झालेले डोळे उघडणार कसे? तिथे १ टाकला की बेरीज खाली येते आणि बरा रुग्ण कागदावर मरणासन्न होतो.

एक प्रसंग सांगते. तालुक्याच्या गावाहून रात्री एक मुलगा आला, विशीतला, मोटारसायकलवरून पडलेला, हेल्मेट नाही. ट्यूब टाकलेली, झोपेचं इंजेक्शन दिलेलं. चिठ्ठीवर ‘सेमीकॉन्शस’. आमच्याकडे तपासलं तेव्हा डोळे उघडत नव्हते, कळ दिली की हात कोपरात ताठ होत होते, म्हणजे हालचाल २, आणि डावी प्युपिल मोठी. असा रुग्ण समोर आला की न्यूरोसर्जनपुढे एकच प्रश्न असतो. पहिल्याच दणक्यात मेंदू गेला आहे, की मेंदू बरा होता आणि आता रक्ताच्या गाठीने दबतो आहे? पहिल्यात ऑपरेशनने फारसं काही साधत नाही. दुसऱ्यात मिनिटं मोजायची असतात. चिठ्ठी गप्प होती. स्ट्रेचरच्या कडेला धरून उभी असलेली त्याची आई म्हणाली, ‘ताई, दवाखान्यात नेलं तवा पाणी मागितलं त्यानं. माझं नाव घेऊन मागितलं.’ रजिस्ट्रारने ते ऐकलं आणि सीटी होताच मुलगा थेट ओटीत गेला. तो वाचला. त्याचा उजवा हात अजून नीट चालत नाही.

त्या रात्री संबंध वैद्यकीय नोंद काय ती त्या आईने सांगितलेली. ती गाडीत बसली नसती तर? कामासाठी परगावाहून आलेला, नातेवाईक नसलेला मजूर असता तर?

बोलता बोलता शुद्ध हरपलेल्या अशाच रुग्णांवर जेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५मध्ये लेख लिहिला. डोक्याला मार लागल्यावर जे बोलले आणि तरीही दगावले, त्यांच्याविषयी. बोलला याचा अर्थ पहिला मार प्राणघातक नव्हता. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कवटीत रक्ताची गाठ सापडली. टाळता येण्याजोगे मृत्यू शोधायचे तर ते इथे, हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलं. अशा रुग्णाची खूण एकच, आधीचा आकडा बरा आणि नंतरचा घसरलेला. एकाच नोंदीवरून घसरण कशी दिसणार? म्हणून वेळ घालून निदान दोन नोंदी हव्यात, एक रुग्ण दारात आल्याची आणि एक गाडीत चढवताना. तिसरी १०८मधल्या डॉक्टरांनी करावी. २०१४मध्ये ९३७ गाड्यांनिशी ही सेवा सुरू झाली तेव्हा प्रत्येक गाडीत डॉक्टर असणं हे तिचं वैशिष्ट्य होतं. दोन-तीन तासांच्या प्रवासात रुग्णाकडे सतत बघणारा तो एकटाच असतो, आणि त्याने काय पाहिलं ते आमच्या केसपेपरवर कधी येत नाही.

याच ग्लासगोतले सॅम गॅलब्रेथ यांची आठवण आपल्याला मुद्दाम करून देते. न्यूरोसर्जन. १९७६मध्ये त्यांनी डोक्यातल्या गाठीचं निदान का चुकतं आणि का उशिरा होतं यावर लेख लिहिला. रुग्णाच्या गुंगीचं खापर दारूवर किंवा पक्षाघातावर फोडलं जातं, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. आपल्या कॅज्युअल्टीत आजही हेच घडतं. तोंडाला वास आला की ‘प्यायलाय, उतरली की उठेल’ म्हणून माणूस कोपऱ्यातल्या खाटेवर जातो. पहाटे त्याची प्युपिल मोठी झालेली असते, म्हणजे आत मेंदू दबू लागलेला असतो. प्यायलेल्या माणसाची नोंद उलट जास्त वेळा व्हायला हवी. पुढे गॅलब्रेथ राजकारणात गेले आणि १९९७पासून काही काळ स्कॉटलंडच्या आरोग्य खात्याचा कारभार त्यांच्याकडे होता. ज्याने रात्री कॅज्युअल्टीत उभं राहून चुका मोजल्या तोच पुढे मंत्र्याच्या खुर्चीत बसला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण डॉक्टर असा किंवा नसा, अशा माणसांनी लिहिलेलं वाचून निर्णय घेणं आपल्या हातात आहे.

वेळेचं महत्त्व आकड्यांतही आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून १९८१मध्ये आलेल्या अभ्यासात मेंदूवर ताजी गाठ होऊन कोमात गेलेले ८२ रुग्ण होते. चार तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी ३० टक्के दगावले, त्यानंतर झालेल्यांपैकी ९० टक्के. पुढच्या अभ्यासांत फरक इतका ठळक निघाला नाही, हेही सांगायला हवं. पण गाठ लवकर काढावी यावर दुमत नाही. मग जिल्ह्याच्या टोकाच्या गावाहून येणाऱ्या रुग्णाचे किती तास आधीच गेलेत, हे कुठून कळणार? अपघाताची वेळ लिहिलेली नसते.

आता औषधाचाही प्रश्न त्याच वेळेशी जोडला गेला आहे. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आटोक्यात आणणारं औषध आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहाला ठाऊक आहे. स्वस्त आहे आणि ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात असतं. २०१९मध्ये क्रॅश-३ चाचणीचे निष्कर्ष आले. २९ देश, १२,७३७ रुग्ण. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या सगळ्यांचा एकत्रित विचार केला तर फायदा निःसंशय म्हणता आला नाही. पण मेंदूची दुखापत सौम्य ते मध्यम होती त्या गटात डोक्याच्या माराने होणारे मृत्यू ७.५ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर आले. अतिगंभीर गटात फरक पडला नाही. म्हणजे औषध द्यायचं की नाही हे ठरवताना दोन गोष्टी हव्यात, मार लागून किती वेळ झाला आणि जीसीएस किती. दोन्ही त्या चौकटीत आहेत, आणि आजच्या चिठ्ठीत बहुतेक वेळा दोन्ही नसतात.

ब्लड प्रेशर आणि ऑक्सिजनचे आकडे का मागते, तेही थोडक्यात. अमेरिकेतल्या ७१७ गंभीर रुग्णांच्या १९९३च्या अभ्यासात वरचं प्रेशर एकदा जरी ९०च्या खाली गेलं असेल, तरी त्या गटात मृत्यू दुपटीच्या आसपास होते. ‘व्हायटल्स स्टेबल’ या दोन शब्दांनी ते लपून राहतं. प्युपिलचं म्हणाल तर टीसडेल आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये जीसीएसला प्युपिलची जोड देण्याची पद्धतच मांडली आहे.

चौकट छापली की काम झालं असं मात्र नाही. तपासायचं कसं हे हाताला शिकवावं लागतं, आणि आपल्याकडे ते धड कुणी शिकवत नाही. विद्यार्थिनी परीक्षेत तक्ता घडाघडा म्हणतात आणि खाटेपाशी रुग्णाच्या छातीवर मुठीची हाडं घासतात. ते करू नये, काळेनिळे वळ उठतात आणि हालचाल नीट समजतही नाही. आधी नुसतं बघायचं. मग मोठ्याने हाक मारायची. मग पेनने बोटाच्या नखाजवळ हळूहळू जोर वाढवत दाबायचं, नंतर खांद्याचा स्नायू चिमटीत धरायचा. हात गळ्याच्या हाडाच्या वर कळीच्या जागी आला तर हालचाल ५. नुसता झटकन मागे घेतला तर ४. ‘माझा हात धरा’ म्हटल्यावर धरला, एवढ्यावर ६ द्यायचे नाहीत, कारण मेंदू बिघडलेला माणूसही तळहाताला काही लागलं की मूठ वळतो. ‘आता सोडा’ म्हटल्यावर सोडला, तर ६. आणि दोन्ही हात वेगळे वागले तर चांगल्या हाताचा आकडा धरायचा, पण दुसरा हात मागे पडतोय हे लिहायचं विसरायचं नाही.

बोलण्याचा आकडा आपल्या राज्यात विशेष जपून द्यायला हवा. गडचिरोलीतून आलेल्या माणसाला शुद्ध मराठीत ‘आज वार कोणता?’ विचारलं आणि तो गोंडीत काही बोलला, की चिठ्ठीवर ‘कन्फ्यूज्ड’ लागतं. परांचीवरून पडलेला झारखंडचा मजूर, सोलापूरच्या सीमेवरचा कानडी बोलणारा शेतकरी, सातपुड्यातला पावरा, सगळ्यांचं हेच होतं. एक आकडा विनाकारण घसरतो, किंवा याहून वाईट म्हणजे खरा गोंधळलेला माणूस ‘भाषा येत नसेल’ म्हणून सुटून जातो. बरोबरच्या माणसाला विचारायला लावायचं आणि ‘नातेवाइकामार्फत विचारले’ असं लिहायचं. याला पैसा लागत नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, हे कृपया लक्षात घ्यावं. रात्री एक डॉक्टर, एक सिस्टर, बाहेर जमाव, आत बाळंतीण आणि त्यात अपघाताचे तीन जण. त्यांच्या हातात कोरा कागद दिला तर घाईत जे सुचेल तेच ते लिहिणार. चौकट त्यांच्याच मदतीची आहे. पुढे कुणी विचारलं की ‘तुमच्याकडे असताना तो कसा होता?’, तर उत्तर कागदावर असेल. आणि वरच्या रुग्णालयानेही खाली कळवायला हवं, की सीटीत काय निघालं, ऑपरेशन झालं का, माणूस घरी गेला का. आज रेफर केलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं हे त्या सिस्टरला वर्तमानपत्रातूनच कळतं, किंवा कळतच नाही. मग आपण लिहिलेल्या आकड्याचा कुणाला उपयोग झाला, हे तिला कधी समजणार?

२०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते. हेल्मेटची सक्ती, रस्ते, न्यूरोसर्जनची रिकामी पदं यांवर आपल्याला पत्रं रोज येत असतील, आणि ती कामं मोठी आहेत, वर्षं लागतील. हे काम एका परिपत्रकाचं आहे, फक्त त्यावर आपल्या दोघांच्या सह्या लागतील.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करावी. असा जिल्हा निवडावा, जिथून वैद्यकीय महाविद्यालय दूर आहे आणि रेफर होणारे रुग्ण जास्त. सहा महिने चौकट वापरून बघावी आणि न्यूरोसर्जरी विभागाने दर महिन्याला किती चिठ्ठ्यांवर तिन्ही आकडे आणि वेळ होती ते मोजून वरच्या मजल्यावर नव्हे, खालच्या रुग्णालयाला कळवावं. शिकवण्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. प्रवासखर्च मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी मी येईन. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते वर्गात नव्हे, कॅज्युअल्टीत खाटेपाशी घ्यावं लागेल, रात्रपाळीच्या सिस्टरांसकट.

कळावे,

आपली,
एक निवृत्त परिसेविका